बापूच्या गाण्याचा करार

माय मांडे करायला जायची. खानदेशाबाहेर कुणी हे वाचत असेल तर त्याला सांगायला हवं, की मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. त्याला पोळपाट-लाटणं लागत नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा, कोपरापर्यंत पातळ पसरला की चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. लग्नसराईत मायला धुळ्यातून आणि आसपासच्या गावांतून बोलावणी येत. ती जिथे मांडे करायला जाई तिथे हळदीची गाणीही म्हणे; किंबहुना पुष्कळ घरं तिला गाण्यांसाठीच बोलवत असावीत, मांडे करणारी बाई काही ती एकटीच नव्हती. खापरापुढे बसून, धगीने लाल झालेल्या तोंडाने ती गायला लागली की ओट्यावरच्या बाया हळदीचे हात तसेच धरून ऐकत राहत. आवाज फार गोड नव्हता. थोडा जाड होता, जरासा घासलेला. पण तो कुठूनही ओळखू यायचा.

आम्ही धुळ्यातल्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. आबा जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांना, कानांना, सदऱ्याच्या बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले असत आणि माय दारातच टॉवेलने त्यांना झटकून काढी. मग उडदाची घोटलेली डाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल घातलेला ठेचा. आबा सातवी शिकलेले, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची त्यांना सवय. माय काहीच शिकलेली नव्हती. तिच्याशी बोलताना आबा अहिराणीत बोलत, माझ्याशी बोलताना शाळेतल्यासारखं मराठी बोलायचा प्रयत्न करत, कारण मी शिकून शाळेत बाई व्हावं असं त्यांच्या मनात होतं.

माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता, बापू. तिसरं वर्ष चालू असताना तो तापाने गेला. मी तेव्हा दुसरीत होते. त्याच्याबद्दल मला आठवतं ते थोडंच आहे: त्याला केळं सोललेलं चालत नसे, स्वतः सोलायचं असे, आगगाडीच्या शिट्टीला घाबरून तो मायच्या पदरात डोकं घाले, आणि झोप आली तरी झोपायचं नाही म्हणून डोळे ताणून बसे. तो गेल्यावर माय कित्येक महिने गायली नाही. मग एका दुपारी बिबडीचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजत असताना ती काहीतरी गुणगुणायला लागली. मला वाटलं, पाळणा आहे. चालही तशीच, झोका दिल्यासारखी. पण शब्द ओळखीचे नव्हते. त्यात केळं होतं, शिट्टी होती, पदर होता. शेवटी आई मुलाला म्हणते की ये, माझ्या मांडीवर नीज, आता मी तुला उठवणार नाही. त्या गाण्याचे शब्द मी इथे देत नाही. का देत नाही ते पुढे येईलच.

ते गाणं माय फक्त घरात म्हणायची, दुपारच्या कामात, आणि तेही मी एकटी असताना. आबा घरात असले आणि तिला ते सुचलंच, तर आबा उठून ओट्यावर जात, चपलेचा अंगठा बघत बसत आणि गाणं संपल्यावर आत येत. तिला त्यांनी कधी थांबवलं नाही, आणि त्याबद्दल दोघं एकमेकांशी बोललेलीही मी ऐकली नाहीत. आमच्या घरात बापूचं नाव फारसं घेतलं जात नसे. नावाऐवजी ते गाणं होतं.

मी अकरावीत होते तेव्हा जळगावचे वसंतशेठ आमच्याकडे आले. त्यांचा कॅसेटचा धंदा होता. त्या काळात टेप घरोघर झाले होते आणि अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी बसस्टँडवर, बाजारात, रसवंतीवर सगळीकडे वाजत. शेठनी मायला धुळ्यातल्या एका हळदीत ऐकलं होतं. माणूस जाडजूड, हसरा, बोलण्यात अत्यंत नम्र. आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसले, शेवभाजी मागून घेऊन खाल्ली, घाम पुसत म्हणाले, "अक्का, तुमच्या हातची भाजी खाऊन मला माझी आई आठवली." मी त्यांना दुष्ट माणूस म्हणून रंगवणार नाही. ते दुष्ट नव्हतेच. दुष्ट असते तर आबा पहिल्याच दिवशी सावध झाले असते.

जळगावला आम्ही तिघंही गेलो. माय लग्नातली हिरवी साडी नेसली होती आणि बसमध्ये खिडकीशी बसून ती सबंध वाटभर ओठ हलवत गाणी आठवत होती. शेठचा स्टुडिओ म्हणजे दुकानाच्या वरची एक खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडक्यांवर घोंगड्या, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. उन्हाळ्याचे दिवस. तबलेवाला बनियनवर बसला होता. आधी खाली दुकानात कागद झाला. स्टॅम्पपेपरवर मराठीत टाइप केलेला. आबांनी तो वर्तमानपत्रासारखा मोठ्याने वाचला, सावकाश, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. 'स्टुडिओत गायलेली सर्व गाणी', 'कायमस्वरूपी', 'सर्व हक्कांसह'. एका शब्दाशी ते अडले.

"रूपांतर म्हणजे काय हो शेठ?"

"काही नाही भाऊ. मागे पेटी-तबला टाकतो ना आपण? अक्का घरी नुसतं गातात. इथे वाद्यं येणार. तेच रूपांतर."

आबांना ते पटलं. मलाही पटलं, मी त्या वेळी शिकणारी पोर, पण मला तरी त्या शब्दाच्या पोटात काय काय मावतं ते कुठे माहीत होतं! मायने अंगठा दिला आणि शाई केसांना पुसली. आबांनी साक्षीदार म्हणून सही केली, वळणदार. सहीखाली त्यांनी एक रेघ ओढली होती. ती रेघ त्यांना पुढे आयुष्यभर डाचली.

हळदीची, तेलनाची, मांडवाची, कानबाई देवीची, सगळी गाणी झाली. माय आधी बुजली, मग तबलेवाल्याकडे पाठ करून बसली आणि तिला आवाज सापडला. घामाने तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. शेवटी शेठ काचेमागून आत आले आणि म्हणाले, "अक्का, टेपच्या दुसऱ्या बाजूला थोडी जागा उरतेय. आणखी एखादं?"

"आखो? आते काय गाऊ?" मायने माझ्याकडे पाहिलं. ठरलेली गाणी संपली होती. वाद्यवाले बिड्यांसाठी उठायला लागले होते. मायने डोळे मिटले, आणि मला कळायच्या आत तिने बापूचं गाणं सुरू केलं.

तिने ते का म्हटलं, हे मी तिला पुढे विचारलं होतं. ती म्हणाली, खोली बंद होती, गरम होती, बाहेरचा आवाज येत नव्हता, माले वाटलं घरमाच शे. एवढंच. तबलेवाल्याने एकदा ठेका धरला आणि सोडून दिला. पेटीवाला नुसता सूर दाबून राहिला. आबा कोपऱ्यात उभे होते. त्या खोलीला ओटा नव्हता, उठून जाण्यासारखी जागा नव्हती. त्यांना ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकावं लागलं. संपल्यावर शेठनी चष्मा काढून पुसला. "अक्का," ते म्हणाले, "हेच गाणं चालेल बघा." चालेल म्हणजे बाजारात खपेल, असं त्यांना म्हणायचं होतं; आम्ही ते मायचं कौतुक समजलो.

परतताना शेठनी आम्हाला भरीत-पुरी खाऊ घातली. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि कांद्याची पात. तसं भरीत मी पुन्हा खाल्लं नाही, किंवा खाल्लं असेल पण ती भूक पुन्हा लागली नाही. माय बसमध्ये आबांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. चारचौघांत असं तिने कधी केलं नव्हतं.

कॅसेट आली. वर कुठल्याशा नटवलेल्या बाईचा फोटो होता, मायचा नव्हता, पण खाली बारीक अक्षरात तिचं नाव, 'इंदुबाई', छापलं होतं. गल्लीतल्या एकांकडे टेप होता, तिथे सगळ्या बाया जमल्या. हळदीच्या गाण्यांना हसल्या, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या बाजूच्या शेवटी बापूचं गाणं लागलं तेव्हा टाळ्या थांबल्या. ज्यांची मुलं गेली होती अशा दोघी-तिघी त्या बैठकीत होत्या. त्या काळात अशा बाया प्रत्येक गल्लीत होत्या. त्यातली एक म्हातारी उठली, मायजवळ आली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून गेली. माय त्या संध्याकाळी म्हणाली, बरं झालं म्हटलं ते. आता ते माझ्या एकटीवर राहिलं नाही.

आज मी साठीला टेकले आहे. शिरपूरला शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या शेजारची मुलं फोनवर अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करतात, लाखो लोक बघतात म्हणे. कुठल्या कुठल्या कंपन्यांचे करार त्यांना फोनवरच येतात. अंगठ्याने सर्र वर सरकवायचं आणि खालच्या चौकोनात खूण करायची. एकाला मी म्हटलं, बाबा, वाचलंस का? तो म्हणाला, "मॅडम, वाचलं तरी बदलता येतं का?" आमच्या आबांनी तर अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

मायची कॅसेट आली त्याच्या पुढच्याच लग्नसराईत सोनगीरला मायला मांड्यांचं बोलावणं होतं. मी मदतीला गेले होते. गोरज मुहूर्त होता. मागच्या अंगणात खापरं मांडलेली, चुली धडधडत होत्या आणि समोर रस्त्यावरून नवरदेवाची वरात येत होती. आधी बँडचा नुसता धुमाकूळ ऐकू आला. मग टेम्पोवरचा कर्णा लागला आणि त्यातून एका तरुण बाईचा आवाज आला, उड्या मारणारा, मागे ढोल आणि शिट्ट्या. मला चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. मायला माझ्याआधी कळलं. तिच्या हातावर मांडा पसरलेला होता, तो तिने खापरावर टाकला नाही, तसाच परातीत टाकला. तो गोळा झाला. तिच्या हातून मांडा बिघडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

ते बापूचंच गाणं होतं. चाल तीच, फक्त चौपट पळवलेली. शब्द अर्धेमुर्धे बदललेले. केळं होतं, पण ते आता चावट विनोदासाठी होतं. शिट्टी होती, ती आता गल्लीतल्या पोरांची शिट्टी होती. मायने ज्याला राजा म्हटलं होतं तो आता कुणीतरी प्रियकर झाला होता आणि मांडीवर निजायची ओळ आली की वरातीतली पोरं ओरडत, मांड्यांवर थापा मारत, रुमाल तोंडात धरून नाचत.

माय पिठाच्या हातांनी तशीच अंगणातून बाहेर गेली. मी मागे धावले. ती टेम्पोपुढे जाऊन उभी राहिली. बँडमास्तर ओळखीचा होता, कित्येक लग्नांत दोघं भेटलेले.

"भो, हाई गानं बंद कर. हाई नाचानं गानं नई शे."

"मावशी, आते कसं बंद करू? पोऱ्या आयकतस का मन्हं? हाईच लाव म्हनी राह्यनात."

"ते मन्हा मरेल पोऱ्यानं गानं शे रे."

गेलेल्या मुलाचं गाणं म्हटल्यावर बँडमास्तराचं तोंड उतरलं. त्याने खरंच हात वर करून वाजवणाऱ्यांना थांबवलं. पण कर्णा चालूच होता, आणि नवरदेवाचे मामा पुढे आले, ही कोण बाई, वरात अडवते, मांडेवाली आहे ना, तिला मागे घ्या. कुणीतरी हसलं. दोन बायांनी मायला धरून अंगणात आणलं. तिने हात धुतले आणि उरलेले मांडे पूर्ण केले. वधूपक्षाचं पान खोळंबायला नको, त्यांचा काय दोष, असं ती म्हणाली.

आबा जळगावला गेले. शेठ भेटले, त्यांनी चहा पाजला आणि कागद पुढे ठेवला. रूपांतर. त्यांच्या मते त्यांनी काहीच चूक केलं नव्हतं. मायची कॅसेट बेताची चालली, नवी तडाखेबंद चालली, उलट मायचं नावही त्यावर 'मूळ गायिका' म्हणून छापलं होतं, त्यांच्या मते हा मानच होता. आबा परत आले ते कापूस नसताना कापसासारखे पांढरे दिसत होते.

अहिरे वकील आमच्या गल्लीपासून जवळच राहत. वयस्कर, दम्याचा त्रास असलेले, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारे. त्यांनी कागद दोनदा वाचला. आबा सारखं एकच म्हणत होते, "मी वाचलं होतं हो साहेब. मी मोठ्याने वाचलं होतं."

"वाचणाऱ्याची चूक नाही यात," अहिरे वकील म्हणाले. "हक्क तुम्ही दिलेत, ते गेले. पण कायद्यात एक गोष्ट आहे. रचणाऱ्याने सगळं विकलं तरी कुणी त्याची रचना विद्रूप केली तर तो हरकत घेऊ शकतो. तेवढं विकलं जात नाही. मात्र त्यासाठी इंदुबाईंना कोर्टात उभं राहून सांगावं लागेल की हे गाणं त्यांनी स्वतः रचलं. ते लोक म्हणणार, हा जुना पाळणा आहे, लोकगीत आहे, कुणाचंच नाही. मग यांना सांगावं लागेल कधी रचलं, कुणासाठी रचलं. सगळ्यांसमोर."

आबा म्हणाले, "राहू द्या." माय म्हणाली, "सांगसू."

दावा धुळ्यातच लागला, कारण मायचं घर धुळ्यात. तारखा पडत गेल्या. त्या काळात आमच्या घरात फार शांतता होती. बाहेर मात्र ते गाणं सगळीकडे होतं. रसवंतीवर होतं, ट्रकांत होतं, गणपतीच्या मांडवात होतं. माझ्या वर्गातल्या मुली ते गुणगुणत. त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मायला भाजी आणायला जायचं तर ती टेप वाजणारी दुकानं टाळून लांबच्या गल्लीने जाई. आबा जिनिंगमधून उशिरा यायला लागले. एकदा ते म्हणाले, शैला, तू वकिली शीक. मी वकिली शिकले नाही. न्यायाधीशांसमोर माय उभी राहिली तो दिवस पाहिल्यावर त्या इमारतीत पुन्हा जायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी माय हिरवी साडी नेसली नव्हती, धुतलेली पांढरी-निळी नेसली होती. समोरचे वकील तरुण होते, हुशार. त्यांनी एकेक गाणं घेतलं.

"हळदीची ही गाणी तुम्ही रचलीत?"

"नई. त्या गाना बठ्ठास्ना शेतस." बठ्ठास्ना म्हणजे सगळ्यांची.

"कानबाईचं?"

"ते बी बठ्ठास्नं."

"आणि असे पाळणे खानदेशात घरोघरी बाया गातात, खरं की नाही?"

"खरं शे."

वकिलांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. "म्हणजे हाही त्यातलाच एक पाळणा."

"नई," माय म्हणाली. कठड्यावर तिने हात ठेवले होते. "पाळनामा पोऱ्या निजस, आनि सकाय उठस. मन्हा गानामा तो उठस नई."

खोलीत लिहिणाऱ्याचं लिहिणं थांबलं. न्यायाधीशांना समजलं नसेल म्हणून अहिरे वकिलांनी ते वाक्य मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण न्यायाधीशांनी हात केला. त्यांना समजलं होतं. तरुण वकिलांनी आपले कागद उगाच सारखे केले. त्यांना आणखी विचारायचं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. मायने मग न विचारता सांगितलं: बापूचा ताप, केळं, शिट्टी, शेवटची दुपार. ती रडली नाही. आबा माझ्या शेजारी बसले होते, ते रडले, तोंडावर टोपी धरून.

त्यानंतर शेठनीच निरोप पाठवला. अहिरे वकिलांच्या बैठकीत सगळे जमले. शेठ आधी मायच्या पायाशी वाकायला गेले, तिने पाय मागे घेतले. "अक्का, शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं तर..." ते खरं बोलत होते असं मला अजूनही वाटतं. त्यांनी कबूल केलं की नवी कॅसेट बाजारातून परत घेतील, बँडवाल्यांना, दुकानदारांना लेखी कळवतील, पुन्हा काढणार नाहीत. पण त्यांचे वकील म्हणाले की आम्ही हे गाणं सोडून द्यायचं आणि उद्या यांनी ते दुसऱ्या कंपनीला द्यायचं, हे चालणार नाही. म्हणून तडजोडीत असं येईल की दोन्ही पक्षांनी आणि त्यांच्या वारसांनी हे गाणं कुठल्याही स्वरूपात गायचं नाही, वाजवायचं नाही, छापायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. मायची मूळ कॅसेटही परत घेतली जाईल.

अहिरे वकिलांनी चष्म्यावरून मायकडे पाहिलं. "इंदुबाई, यात तुमचंही तोंड बांधलं जातंय. आपण लढलो तर जिंकू, मला खात्री वाटते. पण वर्षं जातील. वर अपील होईल."

"तवलोंग ते वाजत ऱ्हाई?"

"बहुतेक वाजत राहील."

"मी गायी नई, तर त्या बी वाजाडतीन नई ना?"

"नाही वाजवणार."

"मंग लिखा."

मी ओरडले. माय, ते तुझं आहे, तू का गायचं नाही! आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसांच्या बैठकीत ओरडले असेन. अहिरे वकील म्हणाले, पोरगी बरोबर बोलते आहे. त्यांनी समोरच्या वकिलांशी बराच वेळ वाद घातला आणि शेवटी कबूल करून घेतलं की घरात, खाजगीत, इंदुबाईंना ते म्हणता येईल. तशी ओळ घालायचं ठरलं. शेठनी मान हलवली, आबांचा श्वास मोकळा झाला.

माय म्हणाली, "ती ओय काढी टाका."

"का?" अहिरे वकील म्हणाले.

"घरमा गायी तर गल्लीन्या पोरी आयकतीन. पोरी लगीनमा गातीन. मंग आखो कोनी तरी उचली ली. नको. घरमा बी नको."

अहिरे वकिलांनी ती ओळ खोडली. मायने अंगठा दिला. आबांनी या वेळी सही करण्याआधी कागद वाचला नाही. त्यांनी तो वाचायलाच नकार दिला, नुसती सही केली.

ते गाणं एकदम थांबलं नाही. कॅसेटी परत गेल्या तरी लोकांच्या घरातल्या थोड्याच जातात. पण एक-दोन लग्नसराया गेल्या, दुसरी गाणी आली, आणि ते विरत गेलं. माय पुन्हा मांडे करायला जाऊ लागली, हळदीची गाणी म्हणू लागली. लोकांना काही फरक जाणवला नाही. फरक दुपारी असे. पीठ शिजताना, डाळ निवडताना तिचे ओठ हलायला लागत आणि ती ते मिटून घेई, उठून पाणी पिई. आधी आबा गाणं सुरू झालं की ओट्यावर जात. आता ते दुपारी घरी असले की आत येऊन तिच्याजवळ बसत, शेंगा फोडत. एकदा मी शिरपूरहून अचानक आले तर दोघं तशी बसलेली होती आणि आबा म्हणत होते, "शैलानी माय, मले सांग तरी, तो केळं कसं सोले." आणि माय त्यांना बोलून सांगत होती. गाऊन नाही.

आबा आधी गेले. माय त्यांच्यानंतर बरीच वर्षं होती, माझ्याकडे शिरपूरला. शेवटी शेवटी तिची स्मृती विस्कटली. जावयाला ती शेठ समजे, नातवाला कधी कधी बापू म्हणे. हळदीची गाणी मात्र सुटी सुटी तोंडात येत. शेठ तोवर वारले होते, त्यांचा धंदाही बंद पडला होता. अहिरे वकीलही नव्हते. त्या तडजोडीची आठवण असलेलं जगात कुणी उरलं असेल तर आम्ही दोघी. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, माय, एकदा म्हण ना ते. मला मधले शब्द आठवत नाहीत आता.

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "इसरी गऊ मी."

"मला सुरुवात आठवते. मी म्हणते, तुला पुढचं आपोआप येईल." मी पहिली ओळ सुरू केली.

तिने माझं मनगट धरलं. फणी खाली पडली. तिच्या त्या वाळलेल्या हातात एवढी ताकद होती हे मला माहीत नव्हतं. "नको वं माय," ती म्हणाली, "बोल दिधेल शे." गाणं ती विसरली होती. दिलेला शब्द विसरली नव्हती.

ती गेल्यावर दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. सकाळच्या वेळी मी स्वयंपाकघरात एकटी होते, तिच्यासाठी म्हणून केलेलं कळण्याचं पीठ डब्यात उरलं होतं, ते मळायला घेतलं. मला वाटलं, शब्द नाही तर नाही, नुसती चाल गुणगुणावी. शब्दांशिवाय गुणगुणलं तर कुठला करार मोडतो? मी तोंड मिटून सूर धरला. दोन ओळी झाल्या आणि माझ्या लक्षात आलं की माझा हात पिठावर ठेका धरतो आहे, पळता, उड्या मारणारा. सावकाश म्हणायचा मी पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा. दर वेळी तोच सोनगीरच्या वरातीतला वेग येत होता. मायची चाल माझ्या कानात राहिलीच नव्हती.

मी पीठ झाकून ठेवलं आणि बाहेर येऊन बसले.